चौकटबंद चित्रांचे छायाचित्रण

काचेआडच्या जलरंगचित्राची, छापील चित्राची किंवा जुन्या फोटोची रंग आणि प्रमाण न बिघडवता प्रत टिपणे. नाशिकमध्ये गोदाघाटाची जलरंगचित्रे आणि जुन्या वाड्यांतल्या देवादिकांच्या तसबिरी यांसाठी ही पद्धत लागते.

शक्य असल्यास काच काढावी. साध्या काचेची हिरवट झाकही त्याने जाते. मात्र पावसाळी ओलीने कागद काचेला चिकटला असेल तर हात लावू नये, ओढताच रंगाचा थर काचेवर राहतो.

काचेवर पडेल त्याच कोनात प्रकाश परततो, म्हणून दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, पाच-सहा फुटांवर ठेवतात. दिवे फार तिरके झाले तर चौकटीच्या कडेची सावली चित्रावर पडते. लेन्सही लांबून टिपणारी हवी: फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स लावली तर दोन फूट रुंद चित्र सुमारे सहा फुटांवरून टिपता येते. २८ मिमीने दोन फुटांवर यावे लागते, आणि मग कडांच्या काचेत दिवे व खोली दोन्ही दिसू लागतात.

कॅमेरा समांतर आहे का, हे पाहायला चित्राच्या मध्यावर छोटा सपाट आरसा टेकवावा. त्यात लेन्स बरोबर मधोमध दिसली पाहिजे. डोळ्याच्या अंदाजावर विसंबले की चौकट हमखास समलंब येते. खिडक्या झाकून घरातले पिवळे बल्ब बंद करावेत. मध्ये भोक पाडलेले काळे कापड कॅमेऱ्यापुढे धरले की काचेत छायाचित्रकार दिसत नाही. कॅमेऱ्याची मांडणी: आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, लेन्सचे छिद्र एफ/८, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. चारही कोपरे व मध्य यांच्या प्रकाशात तृतीयांश स्टॉपपेक्षा जास्त फरक नको (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). पहिल्या फोटोत ग्रे कार्ड, म्हणजे रंग नंतर जुळवून घेण्यासाठीचे ठरावीक करड्या रंगाचे कार्ड, ठेवावे.

नुसता लेन्सवरचा पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश अडवू शकणारा फिल्टर) इथे जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण समोरून पाहताना काचेचे परावर्तन ध्रुवित होत नाही. दिव्यांवरही पोलरायझिंग फिल्म लावून लेन्सचा फिल्टर तिच्याशी ९० अंशांत फिरवला तरच चकाकी जाते. रविवर्मा छापाच्या तसबिरींवर जर-टिकल्या चिकटवलेल्या असतील तर ही युक्ती टाळलेली बरी: धातूची सगळी झळाळी मरून जर-टिकल्या काळ्या पडतात, आणि त्या तसबिरींचा जीव तर जरीतच असतो.

हयात किंवा ६० वर्षांच्या आत निधन झालेल्या चित्रकाराच्या चित्राची प्रत प्रसिद्ध करायची तर हक्कधारकाची परवानगी आधी घ्यावी लागते.