चेहरा तेलकट आहे, मग सिरॅमाइड कशाला?

"सिरॅमाइड म्हणजे शेवटी तेलच ना? आणि माझ्या चेहऱ्यावर तेल काय कमी आहे?" त्वचेच्या वरच्या थरात असणाऱ्या आणि क्रीममध्येही घातल्या जाणाऱ्या सिरॅमाइड या स्निग्ध पदार्थाबद्दल हे ऐकून कान किटले आहेत. यात दोन गैरसमज आहेत आणि दोघे एकमेकांना धरून उभे आहेत.

खोबरेलाबद्दल मराठी वाचकाला वेगळं काय सांगणार? वर थर बसतो, त्वचेतलं पाणी कमी उडतं, सुटलेले पापुद्रे बसतात, हात मऊ लागतो. धुतलं की गेलं. चिकटपणा, वास, किंमत हे खोबरेल आणि सिरॅमाइडच्या क्रीममधले फरक तर दिसतातच.

गोची होते ती चेहऱ्याच्या स्वतःच्या तेलापाशी. दुपारी कपाळावर आणि नाकावर चकाकतं ते सीबम. ते केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथींतून येतं. त्यात ट्रायग्लिसराइड, वॅक्स एस्टर, स्क्वालीन असतं. सिरॅमाइडचा या ग्रंथींशी काही संबंध नाही. ते त्वचेच्या पेशीच बनवतात आणि वर सरकत मरणाला टेकल्या की आजूबाजूच्या फटींत सोडतात. पीटर इलायस या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी 1980 च्या दशकात या वरच्या थराला विटांच्या भिंतीची उपमा दिली: मेलेल्या पेशी म्हणजे विटा, मधला माल स्निग्ध पदार्थांचा. त्या मालात वजनाने साधारण निम्मं सिरॅमाइड, पाव हिस्सा कोलेस्टेरॉल, आणि उरलेल्यात मुख्यतः मेदाम्लं. तिघं मिळून एकावर एक पातळ थर रचतात. सीबमला किंवा खोबरेलाला ते जमत नाही.

त्यामुळे वर तेल ओसंडतंय आणि खाली भिंत फुटलीय, हे एकाच चेहऱ्यावर खुशाल घडतं. तोंड धुतल्यावर लगेच कातडी ओढल्यासारखी होते, गालावर बारीक पापुद्रे सुटतात, कालपर्यंत चाललेलं साधं क्रीम आज चरचरतं, आणि दोन तासांत कपाळ पुन्हा चमकायला लागतं. (पापुद्रे नाकाच्या कडेला, पिवळसर आणि खाजरे असतील तर ते सेबोऱ्हिक डर्मटायटिस असू शकतं, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.) यावर लोक काय करतात, तर आणखी कडक फेसवॉश आणतात! किंवा सरळ अंगाचा साबण तोंडाला. साबणाचा पीएच 9 ते 10, त्वचेचा 5 च्या आसपास, आणि सिरॅमाइड तयार करणारी एन्झाइम्स आम्लधर्मी त्वचेतच नीट चालतात. म्हणजे होतं ते धुऊन काढलं आणि नवं बनण्यातही खोडा घातला.

ट्यूब घेताना पुढच्या बाजूचं 'सिरॅमाइड' हे ठळक अक्षर सोडा, मागची यादी वाचा. सिरॅमाइड एनपी, एपी, ईओपी अशी नावं दिसतील. ती शेवटाकडे आहेत म्हणून फसवणूक झाली, ही ओरड मला पटत नाही. हा घटक थोड्याच प्रमाणात घालतात, आणि 1 टक्क्याखालच्या घटकांचा क्रम कंपनी हवा तसा लावू शकते. मी शोधते ते कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. इलायस यांच्याच गटाने 1990 च्या दशकात ॲसिटोनने भिंत बिघडवलेल्या उंदरांवर प्रयोग केले. तिघांपैकी एक किंवा दोनच लावले तर भिंत भरून यायला उलट उशीर लागला; तिन्ही एकत्र लावल्यावर तसं झालं नाही. नुसत्या सिरॅमाइडच्या महागड्या सीरमपेक्षा तिन्ही असलेलं साधं, बिनवासाचं क्रीम मी कधीही घेईन.

तेलं तरी सगळी सारखी कुठे असतात? सूर्यफुलातलं लिनोलिक आम्ल शरीर एका प्रकारच्या सिरॅमाइडमध्ये वापरतं. ऑलिव्हमधलं ओलेइक आम्ल मात्र या थराची रचना बिघडवतं, तरी ऑलिव्ह तेल 'नैसर्गिक' म्हणून तान्ह्या बाळांच्या अंगाला चोळलं जातं, याचा मला खरंच राग येतो.

सिरॅमाइडचं क्रीम आणि खोबरेल दोन्ही वापरायचं असेल तर हातापायांवर अंघोळीनंतर, अंग ओलसर असताना आधी क्रीम, वरून खोबरेल. पुटकुळ्या येणाऱ्या चेहऱ्यावर खोबरेल नकोच, रंध्रं बुजतात. आणि पुटकुळ्यांसाठी ॲडापलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड चालू असेल, तर चेहरा कितीही तेलकट असो, सिरॅमाइडचं क्रीम टाळू नका. ही औषधं त्वचा कोरडी करतात आणि आग होते म्हणूनच बरेच जण ती अर्ध्यावर सोडतात.