ॲडमिट पेशंटचा कार्डियाक अरेस्ट

दवाखान्यात भरती असलेल्या पेशंटचं हृदय बंद पडलं, नाडी लागेना आणि सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) सुरू करावा लागला की त्याला इन-हॉस्पिटल कार्डियाक अरेस्ट म्हणतात. हार्ट अटॅकनं असं होऊ शकतं, पण वॉर्डातल्या बऱ्याच केसमध्ये मूळ कारण दुसरंच निघतं, श्वास कमी पडणं, सेप्सिस (इन्फेक्शन अंगभर पसरून अवयव बिघडणं), रक्तस्राव, किडनी फेल होऊन पोटॅशियम वाढणं वगैरे.

अमेरिकेत मोठ्या माणसांमध्ये वर्षाला २,९०,००० च्या आसपास असे अरेस्ट होतात, म्हणजे हजार ॲडमिशनमागे ९ ते १०. ब्रिटनच्या राष्ट्रीय ऑडिटमध्ये २०११ ते २०१३ या काळात हजारामागे १.६ एवढेच आले, त्याचं एक कारण म्हणजे तिथं इमर्जन्सी टीमला फोन गेला तेवढ्याच केस धरतात. यातून वाचून घरी जाणारे अमेरिकेत चारातला एक, ब्रिटनमध्ये १८ टक्के. मॉनिटरवर हृदयाची लय विजेचा शॉक देऊन सुधारण्यासारखी दिसली तर ब्रिटनमध्ये निम्मे वाचले, बाकीच्यांत १० टक्केच, आणि दुर्दैवानं पाचातल्या चौघांची लय त्या दुसऱ्या गटातलीच असते. शॉक दोन मिनिटांच्या आत मिळाला तर ३९ टक्के घरी गेले, उशीर झाला तर २२, हे २००८ च्या अमेरिकन अभ्यासात दिसलं. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी निकाल खराबच लागतो.

पण खरी संधी अरेस्टच्या आधी असते. बऱ्याच पेशंटमध्ये सहा-आठ तास आधीपासून श्वास वाढलेला, बीपी उतरलेलं, माणूस बरळतोय किंवा गुंगीत आहे असं दिसत असतं, आणि यात सगळ्यात दुर्लक्षित आकडा श्वासाचा, कारण बीपी मशीन सांगतं, श्वास मात्र छातीकडं बघत मिनिटभर मोजावा लागतो. मिनिटाला २५ च्या वर गेला तर सिस्टरला लगेच सांगायचं, आणि हे खाटेजवळ सतरंजी टाकून बसलेल्या नातेवाइकालाही जमतं.

मराठवाड्यात हे जास्तच लागू आहे. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती), नांदेड, लातूर इथल्या सरकारी दवाखान्यांत तालुक्याहून रेफर झालेले पेशंट येतात, त्यात मण्यार चावलेले आणि फवारणीचं औषध पोटात गेलेलेही असतात, बरेचसे तरुण, हृदय धडधाकट. मण्यारच्या विषानं आधी पापण्या जड होतात, डोळे उघडत नाहीत, गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू गळतात आणि ऑक्सिजन संपला की हृदय थांबतं. चावल्याची खूण कधीकधी दिसतही नाही! पापण्या उतरल्या त्या वेळीच तयारी ठेवून श्वासनलिकेत नळी वेळेवर टाकली, व्हेंटिलेटर मिळाला तर असा पोरगा काही दिवसांनी चालत घरी जातो, म्हणून अशा केसमध्ये अरेस्ट होऊ देणं हेच मोठं नुकसान.

अरेस्ट झालाच तर छाती ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, मध्ये थांबायचं नाही, दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन द्यायचं. छाती बाहेरून दाबायची ही पद्धत १९६० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी मांडली.

शेवटच्या टप्प्यातल्या आजारात मात्र सीपीआरनं काहीच साधत नाही, बरगड्या तेवढ्या मोडतात. त्यासाठी आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० मध्ये सीपीआर न करण्याच्या निर्णयाबद्दल मार्गदर्शन दिलंय, त्यात डॉक्टरांनी पेशंटशी किंवा घरच्यांशी आधीच बोलून हे फाइलमध्ये लिहायचं आणि बाकीचे उपचार चालूच ठेवायचे.