यंत्राचा कौल

शिमग्याला वेंगुर्ल्याकडच्या आमच्या गावी पोचलो, तर ओसरीवर पाय ठेवायच्या आत शेजारच्या वहिनींनी बातमी दिली, "तुमच्या काकांका रोबोटान टीबी काढल्यान!"

शाळेत क्षयरोग तपासणीचं शिबिर झालं होतं. हातात धरता येईल असं एक्स-रे मशीन, एक लॅपटॉप, एक तंत्रज्ञ. रोबोट कुठेच नव्हता. काकांच्या छातीचा फोटो काढल्यावर मिनिटभरात पडद्यावर 0.71 हा आकडा आला, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला लाल ठिपका उमटला आणि त्यांना थुंकीचा नमुना द्यायला सांगितलं. गावात तेवढ्यावर निकाल लागून गेला होता. एकाने तर ग्रामदैवत रवळनाथाकडे कौल लावायचंही सुचवलं, म्हणजे मूर्तीला फुलं चिकटवून कुठल्या बाजूचं पडतं त्यावरून देवाचा होकार-नकार ठरवायचा.

रोबोटचं आधी उरकून टाकू. ऑपरेशन थिएटरात ज्याला रोबोट म्हणतात, उदाहरणार्थ 2000 साली अमेरिकेत परवानगी मिळालेला 'दा विंची', तो स्वतःच्या मनाने टाकाही घालत नाही. सर्जन शेजारी बसून हात हलवतो, यंत्र त्याची बारीक, कंप गाळलेली नक्कल करतं. काकांचा फोटो वाचणारा प्रकार निराळा. तो निव्वळ हिशेब आहे, आणि मला त्या हिशेबाचं फार कौतुक आहे.

बाहेरून देखणा हापूस कापला की आत साका निघतो, हे दुःख आपल्याला ठाऊक आहे. साक्यात गरामध्ये हवेच्या पोकळ्या असू शकतात, म्हणून न कापता एक्स-रेने तो ओळखायचे प्रयोगही झाले आहेत. फुप्फुसाचं उलटं. तिथे हवाच हवी. हवेतून क्ष-किरण आरपार जातात, म्हणून निरोगी फुप्फुस फोटोत काळं दिसतं. जंतूंमुळे सूज येऊन हवेची जागा भरली की तिथे पांढुरका ढग दिसतो.

संगणकाला मात्र ढग दिसत नाही. त्याच्यासमोर आकड्यांचा भलामोठा तक्ता असतो; काळ्या ठिपक्याला लहान आकडा, पांढऱ्याला मोठा. आता मासेमारीच्या जाळ्याच्या भोकाएवढी एक छोटी चौकट घ्या, तीन ओळी, तीन रकाने. डाव्या रकान्यात तिन्ही ठिकाणी -1, मधल्यात 0, उजव्यात +1. ही चौकट फोटोवर ठेवायची, खालच्या आकड्याला वरच्या आकड्याने गुणायचं आणि नऊ गुणाकारांची बेरीज करायची. खाली सगळीकडे 80 असेल तर बेरीज शून्य. पण डावीकडे 60 आणि उजवीकडे 180 असेल, तर बेरीज 360. म्हणजे नऊ आकड्यांच्या चौकटीला उभी कड 'सापडली'! मग चौकट एक घर पुढे सरकवायची, पुन्हा तेच, अख्ख्या फोटोभर. याला कन्व्होल्यूशन म्हणतात.

अशा कित्येक चौकटी एकाच वेळी फिरतात. एकीला आडवी कड सापडते, एकीला तिरकी, एकीला खरबरीत पोत. प्रत्येकीचा एक नवा तक्ता तयार होतो. त्यातले उणे आकडे शून्य करून ते तक्ते एकावर एक रचतात, आणि त्या चळतीवरून पुढच्या थरातल्या चौकटी फिरतात. दुसऱ्या थरातली चौकट नऊ आकड्यांची नसते. खाली 64 तक्ते असतील तर तिच्यात 9 गुणिले 64, म्हणजे 576 आकडे असतात. कडांमधून वळणं, वळणांतून बरगडीसारखे आकार, असं वर वर जात शेवटी एकच आकडा उरतो.

या चौकटींतले आकडे कोणी भरले? कोणीच नाही. सुरुवातीला ते वाटेल ते असतात. निदान माहीत असलेले हजारो एक्स-रे दाखवायचे. उत्तर चुकलं की त्या चुकीत प्रत्येक आकड्याचा वाटा किती, हे शेवटच्या थरापासून मागे मागे काढत यायचं आणि ज्या बाजूने चूक घटेल त्या बाजूला आकडा किंचित सरकवायचा. अकरावीतलं कॅल्क्युलसच ते, फक्त लाखो वेळा. ही रीत 1986 सालच्या एका शोधनिबंधाने गाजली. तिच्यासाठी पुरेसे फोटो आणि पुरेसे वेगवान संगणक यायला आणखी पंचवीसेक वर्षं गेली.

असा शिष्य लबाडही निघतो. न्यूमोनिया ओळखायला असाच शिकवलेला एक हिशेब, म्हणजे एक मॉडेल, फोटो कुठल्या रुग्णालयातून आला हेही ओळखत होतं, असं 2018 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. एखाद्या ठिकाणी न्यूमोनियाचे रुग्ण जास्त असतील, तर फुप्फुस न बघता पत्ता बघूनही बरेच मार्क मिळतात.

म्हणून 0.71 म्हणजे टीबीची 71 टक्के शक्यता नव्हे. तो संशयाचा गुण आहे, आणि कितीच्या वर संशय धरायचा ती रेषा माणसं आखतात. अशा प्राथमिक चाचणीने निदान 90 टक्के रुग्ण पकडावेत आणि 70 टक्के निरोग्यांना मोकळं सोडावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे. हजार माणसांच्या गावात पाच जणांना टीबी आहे असं धरू. यंत्र त्यातले चार-पाच पकडेल. उरलेल्या 995 निरोग्यांपैकी 30 टक्के, म्हणजे जवळपास 300 जणांवरही बोट ठेवेल. तरी फायदा आहेच, कारण हजारांऐवजी 300 जणांचीच थुंकी तपासावी लागते. तालुक्यात एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ शोधावा लागतो, तिथे हे थोडं नाही. 15 वर्षं आणि त्यावरच्यांच्या तपासणीसाठी माणसाऐवजी संगणकाने एक्स-रे वाचायला त्याच संघटनेने 2021 साली संमती दिली, ती याच कामापुरती.

कौलाचं मला एवढंच म्हणायचं आहे, की उजवीकडचं फूल पडलं आणि काम फसलं, तर त्याची नोंद कोणी ठेवत नाही. यंत्राच्या चुका मोजता येतात. पण 'शंभर टक्के अचूक एआय' अशी जाहिरात करून ते मोजमाप झाकलं, की तोही कौलच झाला.

काकांची थुंकी ट्रूनॅटवर गेली. हे यंत्र आपल्या शेजारचं, गोव्यातल्या कंपनीचं. बॅटरीवर चालतं आणि सावलीऐवजी थेट जंतूचा डीएनए शोधतं. जंतू सापडला नाही. काका तीस वर्षांपूर्वी लालबागच्या खोलीत आठ जणांत राहत होते तेव्हा त्यांना टीबी झाला होता, औषधांचा कोर्स पुरा करून ते बरे झाले होते. बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण फुप्फुसावर राहू शकतो, आणि नव्या-जुन्यातला फरक करताना ही मॉडेलं हमखास अडखळतात. नऊ आकड्यांच्या चौकटीत रुग्णाच्या पूर्वेतिहासाला रकाना नाही.

"तो डाग जुनो आसा, मी सांगी होतंय," काका म्हणाले. "पण त्या मशिनीन माका इचारल्यान खंय?"