कंपवात की व्हॅस्क्युलर पार्किन्सनिझम? आधी पायांकडे बघा

सत्तरी ओलांडलेल्या माणसाची चाल मंदावली, पावलं आखूड पडू लागली, वळताना तोल जाऊ लागला की घरात पहिलं नाव निघतं पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण वर्षानुवर्षांच्या बीपी-शुगरने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या तरी जवळपास तसंच चित्र दिसतं. त्याला व्हॅस्क्युलर पार्किन्सनिझम म्हणतात. दोन्हींच्या उपचारांत भर द्यायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. म्हणून गुण येत नसताना कंपवाताच्या गोळीचा नुसता डोस वाढवत राहणं मला फार खटकतं.

कंपवाताचं वर्णन इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये केलं. त्यात मेंदूच्या खोल भागातल्या डोपामिन (हालचालींना लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात. सुरुवात बहुधा एकाच बाजूने होते. हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना थरथरतो, चालताना तोच हात झुलायचा थांबतो, सही बारीक होत जाते. कित्येकांना त्याआधी काही वर्षं फोडणीचा वास येईनासा झालेला असतो, किंवा ते झोपेत ओरडत, हातपाय झाडत असतात. विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही.

व्हॅस्क्युलर प्रकारात सगळा भार पायांवर येतो. आजोबा खुर्चीत बसलेले असताना चहाचा कप नीट धरतात, शर्टाची बटणं लावतात, चेहराही बोलका असतो. उभे राहिले की मात्र पाय जमिनीला चिकटतात. उंबऱ्याशी थबकतात, जागच्या जागी दोन-तीनदा पाय घासतात, मग एकदाचं पाऊल पडतं. पाय फाकलेले असतात, पाठ बऱ्यापैकी ताठ असते आणि हात चांगले झुलत असतात. कंपवातात बहुधा उलटं: पावलं जवळजवळ, अंग पुढे झुकलेलं, हात अंगालगत. व्हॅस्क्युलरमध्ये लघवी न थांबणं, विचार मंदावणं, कारण नसताना रडू येणं हेही लवकर दिसू शकतं.

ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ मॅकडोनाल्ड क्रिचली यांनी 1929 मध्ये हे व्हॅस्क्युलर दुखणं वेगळं मांडलं, तरी गोंधळ संपलेला नाही. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्रास सुरू झाला तर ओळखणं सोपं जातं. पण पुष्कळदा झटका आल्याचं कुणाला आठवतच नाही, चाल हळूहळूच बिघडत जाते. एमआरआयमध्ये पांढरे डाग दिसले म्हणून निकाल लागत नाही, कारण ते निरोगी म्हाताऱ्या माणसांतही सापडतात. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात. म्हणून लेव्होडोपा, म्हणजे डोपामिनची उणीव भरून काढणारी कंपवाताची मुख्य गोळी, पुरेशा डोसमध्ये काही आठवडे-महिने देऊन बघावीच लागते. व्हॅस्क्युलरमध्येही थोड्या जणांना तिचा उपयोग होतो. नाही झाला, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळू कमी करायची. एकदम बंद करणं धोक्याचं आहे.

अशा वेळी आणखी काही शक्यता तपासून घ्या. पहिल्याच वर्षी वारंवार तोल जाऊन पाठीमागे पडणं आणि डोळे खाली वळवता न येणं पीएसपीकडे (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, कंपवातासारखाच दिसणारा वेगळा आजार) बोट दाखवतं. उभं राहिल्यावर बीपी बरंच घसरत असेल, सोबत लघवीचा त्रास असेल, तर एमएसएचा (मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रोफी, असाच आणखी एक आजार) विचार होतो. चाल, लघवी आणि स्मरण तिन्ही बिघडली असतील, तर मेंदूत पाणी साठलंय का ते बघतात, कारण निवडक रुग्णांना शंटने, म्हणजे ते पाणी काढून देणाऱ्या नळीने, फायदा होतो. आणि सगळ्यात आधी गोळ्यांची पिशवी उलटी करा. चक्कर येते म्हणून चाललेली सिनारिझिन, पित्तासाठीच्या कॅप्सूलमधलं लेव्होसल्पिराइड हीसुद्धा हुबेहूब पार्किन्सनिझम उभा करतात. ती डॉक्टरांना विचारून थांबवली, तर बऱ्याच जणांची लक्षणं काही महिन्यांत ओसरतात.

कंपवातात गोळीची वेळ सांभाळणं ही निम्मी लढाई असते. डाळ, दूध, अंडी गोळीच्या अगदी जवळ आली तर काहींना तिचा असर कमी जाणवतो. व्हॅस्क्युलरमध्ये बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणं, तंबाखू-मिश्री सोडणं आणि रोजची फिजिओथेरपी हाच कणा आहे. झालेलं नुकसान भरून येत नाही, पण पुढचं टाळता येतं. पाय अडकला की ओढाओढ करू नका. थांबून, वजन डावी-उजवीकडे झुकवून, 'एक-दोन' मोजत पाऊल टाकायला सांगा. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या तर काहींना पाऊल उचलणं सोपं जातं. जागच्या जागी गिरकी घेण्यापेक्षा मोठा वळसा घेऊ द्या, आणि चालताना त्यांना प्रश्न विचारू नका. न्हाणीघरात पकडायला दांडा लावा. पाणी पिताना ठसका लागत असेल, तर गिळण्याची तपासणी लवकर करून घ्या.

पुढच्या भेटीला जाताना मोबाइलवर एक व्हिडिओ काढून न्या: खुर्चीतून उठणं, दारातून जाणं, वळणं. दवाखान्यात माणूस हुशारीने चालतो, घरी अडकतो. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत ठेवा, आणि कुणी सांगितलं म्हणून खाजकुइलीची पावडर चालू असेल तर तेही सांगा. तिच्या बियांत लेव्होडोपाच असते, त्यामुळे ती लपवली तर डोसचा सगळा हिशेब चुकतो.