सिम्युलेशन प्रशिक्षण (वैद्यक)

पुतळा, अवयवाची प्रतिकृती, संगणक किंवा रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती यांच्यावर उपचाराचा सराव करण्याची पद्धत. शिकाऊ डॉक्टरची पहिली चूक खऱ्या रुग्णाच्या अंगावर होऊ नये, हा तिचा हेतू.

कल्पना जुनीच आहे. सुश्रुतसंहितेच्या योग्यासूत्रीय अध्यायात छेदनाचा सराव कोहळ्यावर, शिरावेधाचा (शीर टोचण्याचा) कमळाच्या देठावर आणि पट्ट्या बांधण्याचा बाहुल्यावर सांगितला आहे. आधुनिक काळात १९६० मध्ये नॉर्वेतील खेळण्यांचे उत्पादक आस्मुंड लेर्डाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ‘रेसुसी ॲन’ हा पुतळा आणला. आजच्या अशा पुतळ्यांवर, हृदय थांबल्यावर दाबतात तशी, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबली जाते का, हे तिथल्या तिथे कळते.

रुग्णसुरक्षेचा सर्वांत बोलका पुरावा प्रसूतीच्या खोलीतून मिळाला. ब्रिटनमधील ब्रिस्टल येथे बाळाचा खांदा अडकण्याच्या प्रसंगाचा सराव डॉक्टर व सुईणी यांना एकत्र दिल्यावर, अशा प्रसूतींत बाळाला इजा होण्याचे प्रमाण ९.३ वरून २.३ टक्क्यांवर आले. एकत्र सराव हेच यातले मर्म. गडबडीत डॉक्टर औषध सांगतो, परिचारिका ‘ॲड्रेनालिन एक मिलिग्रॅम, शिरेतून’ असे मोठ्याने परत म्हणते, मगच देते. आणि मात्रा चुकत असेल तर इंटर्नने ‘सर, थांबा’ म्हणायचे असते. हे धाडस वाचून येत नाही. म्हणून सरावानंतरची चर्चा पुतळ्याहून मोलाची: कोणी काय पाहिले, का गप्प राहिले, हे तिथे दोष न देता बोलले जाते.

भारतात २०२० च्या नियमांनी वैद्यकीय महाविद्यालयांना अशा सरावाची कौशल्य प्रयोगशाळा बंधनकारक केली. त्या नियमांत १५० जागांसाठी किमान ६०० चौरस मीटर. इंदूरचे महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय ‘एमवाय’ (महाराजा यशवंतराव) रुग्णालयाशी जोडलेले आहे आणि तिथे माळवा-निमाडातून रुग्ण येतात. अशा शहरात सरावातल्या रुग्णांच्या भूमिकाही तिथल्याच हव्यात. इंदूरच्या रामबाग वस्तीतल्या आजी लेकाशी मराठीत नि डॉक्टरांशी हिंदीत बोलणार, छातीतली कळ ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून उडवून लावणार. ही भूमिका करणारी व्यक्ती जबडा किंवा डावा हात दुखतो ही हृदयविकाराची खूण विचारल्याशिवाय सांगत नाही.

टाके घालण्याच्या सरावाला महागडे यंत्र लागत नाही. फोमचा तुकडा, सुई-धागा आणि चूक दाखवणारा शिक्षक एवढे पुरते.