विड्याचा रंग आणि आत्मा

पंचगंगेकाठच्या स्मशानभूमीत रक्षाविसर्जनाला नैवेद्य ठेवून माणसे ताटकळत उभी असतात आणि कावळा शिवायला उशीर झाला की कोणीतरी हटकून म्हणते, "जीव कशात तरी अडकलाय." शेणी-लाकडांवर जळाले ते शरीर आणि अडकला तो आत्मा, ही विभागणी कोल्हापूरकरांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की आत्मा ही एखादी सुटी वस्तू असल्याचे आपण न तपासताच धरून चालतो. अमेरिकेतील डंकन मॅक्डूगल या डॉक्टरने १९०७ मध्ये ही वस्तू तोलल्याचे जाहीर केले होते. पण २१ ग्रॅमचा तो गाजलेला आकडा सहा रुग्णांपैकी एकाच रुग्णाचा होता आणि बाकीच्यांचे निकाल त्याच्याशी जुळत नव्हते, एवढे सांगून पुढे जाणे बरे.

आत्मा वस्तूच नसेल तर? तसे मानणाऱ्या चार्वाकांचे, म्हणजे प्राचीन भारतातील जडवादी विचारवंतांचे, मूळ ग्रंथ उरलेले नाहीत, त्यांची मते बहुतांशी विरोधकांच्या लेखनातूनच कळतात. पण त्यांच्या नावावरचा एक दृष्टान्त कोणत्याही पानपट्टीवर पडताळता येतो. पान हिरवे, चुना पांढरा, सुपारी तपकिरी. विडा चावला की मात्र तोंड लालभडक होते. आज आपल्याला ठाऊक आहे की सुपारीतील संयुगांचे चुन्याच्या अल्कधर्मी माध्यमात ऑक्सिडीकरण होऊन हा रंग तयार होतो. तो बाहेरून कोणी आणून घातलेला नसतो. चैतन्यही तसेच, जड द्रव्यांच्या संयोगातून उपजलेले, असे चार्वाकांचे म्हणणे होते.

हेच आजच्या भाषेत मांडायचे तर सुमारे ८६ अब्ज चेतापेशी परस्परांशी ज्या विशिष्ट रीतीने जोडलेल्या असतात आणि शरीराच्या साथीने अखंड काम करत राहतात, त्या कामालाच, म्हणजे स्मृती, स्वभाव आणि 'मी'पणाच्या जाणिवेला, आत्मा म्हणावे. (वेदान्तातील निर्गुण साक्षी, म्हणजे सगळे नुसते पाहणारे गुणरहित चैतन्य, येथे अभिप्रेत नाही.) मला एका शस्त्रक्रियेसाठी भूल देताना अंक मोजायला सांगितले होते. सात म्हटल्याचे आठवते, आठ म्हटल्याचे आठवत नाही. त्यानंतर थेट खोलीतला पंखा दिसला, आणि झोपेतून उठल्यावर मधे वेळ गेल्याची जी अंधूक जाणीव असते तीही नव्हती. हृदय चालू होते, रक्त वाहत होते, मेंदूतल्या चेतापेशी जिवंत होत्या. प्रोपोफॉलसारखे भुलीचे औषध चेतापेशींना शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा प्रभाव वाढवते, मेंदूच्या भागांमधला संवाद विस्कटतो आणि तेवढ्याने 'मी' नाहीसा होतो. आत्मा स्वतंत्र असेल, तर काही मिलिलिटर औषधाने त्याला एवढे हतबल का करावे, याचे पटणारे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

तरीही चार्वाकांचा दृष्टान्त एका जागी अपुरा पडतो. विड्याचा रंग खाणाऱ्याच्या ओठांवर चारचौघांना दिसतो. भुलीतून जागे होताना मला दिसलेला पंखा मात्र मला जसा जाणवला तसा शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांना जाणवणे शक्य नव्हते, आणि चेतापेशींच्या विद्युत्‌संदेशांमधून हे आतून जाणवणे नेमके कसे उपजते, हे विज्ञानाला अजून उलगडलेले नाही.