विमान कंपन्यांची भागीदारी आणि आंतरराष्ट्रीय तिकीटदर

स्वतंत्र मालकीच्या विमान कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय प्रवास एकाच तिकिटावर विकण्याची व्यवस्था. एकमेकींचे प्रवासी व सामान स्वीकारणे (इंटरलाइन), दुसरीच्या उड्डाणावर आपला क्रमांक लावणे (कोडशेअर) आणि दर व उत्पन्न एकत्र ठरवणे (संयुक्त उपक्रम) अशी तिची चढती रूपे आहेत. स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) व स्कायटीम (२०००) हे प्रमुख महासंघ होत. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्सची सभासद आहे.

कोडशेअरचा आरंभ नेमका कोठे झाला याविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते अमेरिकेत १९६७ च्या सुमारास ॲलेगेनी कंपनीने छोट्या गावांची उड्डाणे स्थानिक कंपनीकडे सोपवली, तेच त्याचे पहिले रूप. इतर जण क्वांटास व अमेरिकन एअरलाइन्स यांच्या १९८९–९० मधील कराराकडे बोट दाखवतात. ॲलेगेनीची व्यवस्था देशांतर्गत होती. म्हणून आंतरराष्ट्रीय तिकीटदरांच्या दृष्टीने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. डच केएलएम व अमेरिकी नॉर्थवेस्ट या कंपन्यांच्या भागीदारीला अमेरिकेने १९९३ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली आणि परस्परांत दर ठरवण्याचा मार्ग मोकळा झाला.

अशा भागीदारीने जोडप्रवासाचे, म्हणजे वाटेत विमान बदलून करायच्या प्रवासाचे, दर उतरतात. त्याचे कारण कूर्नो या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने १८३८ मध्येच मांडले होते. तांबे एकाच्या हाती व जस्त दुसऱ्याच्या हाती असेल, तर दोघे आपापला नफा चढवतात आणि पितळ अवाजवी महाग होते. दोघांनी मिळून भाव ठरवला तर पितळ स्वस्त होऊन एकूण नफाही वाढतो. मुंबई–फ्रँकफर्ट एका कंपनीचे व फ्रँकफर्ट–डेन्व्हर दुसरीचे असेल, तेव्हा तिकीट हे असेच पितळ असते. ब्रूक्नर व व्हेलन या अर्थशास्त्रज्ञांच्या २००० मधील अभ्यासात भागीदार कंपन्यांचे जोडप्रवासाचे दर भागीदारी नसलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी आढळले.

दोन्ही भागीदार एकाच थेट मार्गावर उडत असतील तर मात्र स्पर्धाच मावळते. अमेरिकी युनायटेड व जर्मन लुफ्थान्सा यांना १९९६ मध्ये तशीच सूट देताना शिकागो–फ्रँकफर्ट व वॉशिंग्टन–फ्रँकफर्ट या मार्गांच्या स्थानिक (फक्त त्याच दोन शहरांदरम्यान जाणाऱ्या) प्रवाशांचे दर त्यातून वगळले होते, ते याच भीतीने. गिलेस्पी व रिचर्ड यांच्या नंतरच्या अभ्यासानेही अटलांटिकवरील थेट मार्गांवर स्वतंत्र स्पर्धक घटले की दर चढतात, असे दाखवले. ब्रूक्नर यांचे निष्कर्ष जोडप्रवासापुरते मानणे सयुक्तिक ठरेल. हे बहुतेक अभ्यास अमेरिकेतील तिकीट-नमुन्यांवर बेतलेले आहेत, हेही ध्यानात घ्यावे लागते.

सातारा व सांगली जिल्ह्यांना याचा लाभ अर्धाच पोहोचतो. कराड वा कवलापूरच्या धावपट्टीवरून नियमित प्रवासी विमान नाही. परदेशी शिकायला निघालेला सांगलीचा विद्यार्थी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने किंवा महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठतो. कोल्हापूर–मुंबई विमान वेगळ्या तिकिटावर काढले, तर मुंबईत बॅगा उतरवून पुन्हा चेक-इन कराव्या लागतात आणि पहिल्याला उशीर होऊन पुढचे विमान हुकल्यास नव्या तिकिटाचा भुर्दंड सहसा प्रवाशावरच पडतो. तेच दोन्ही टप्पे एका तिकिटावर असतील तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीकडे जाते. म्हणून दरांची तुलना करताना हा फरक किमतीत धरणे आवश्यक आहे. जर्मनीत फ्रँकफर्ट विमानतळाला जोडणाऱ्या काही रेल्वेगाड्यांना लुफ्थान्साचा क्रमांक असतो व गाडीचा प्रवास विमानाच्या तिकिटातच येतो. मिरज–मुंबई रेल्वेप्रवासाचे तिकीट मात्र वेगळे काढावे लागते.